कोंडिवटे येथील भग्न चर्च

कोंडिवटे येथील भग्न चर्च : मुंबई उपनगर जिल्ह्याच्या अंधेरी तालुक्यातील मरोळ परिसरात असलेली सोळाव्या शतकातील एक रोमन कॅथलिक चर्चवास्तू. सेंट जॉन द बॅप्टिस्ट (संत योहान बाप्तिस्ता) या संताच्या नावाने ती ओळखली जाते. जेझुइट धर्मगुरूंनी ती १५७९ मध्ये बांधली आणि त्याच वर्षी संत योहानाच्या सणाच्या दिवशी ती भाविकांस खुली झाली. सु. अडीचशे वर्षे ती कोंडिवटे व भोवतालच्या गावांतील ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या धर्मग्रामाचे केंद्र होती. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे गाव उठले आणि धर्मग्राम जवळच्या मरोळ गावी हलविण्यात आला. तेव्हापासून ही वास्तू ओस पडली. १९७३ नंतर ती सीप्झ या नावाने परिचित असलेल्या निर्यातप्रक्रिया क्षेत्राच्या कुंपणात गेली. मुंबईच्या उपनगरांत पोर्तुगीज काळातील चर्चे अनेक आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेकांची पुनर्बांधणी होऊन मूळ रूप पालटले आहे. कोंडिवट्याच्या चर्चला मात्र गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत अशा पुनर्बांधणीचा स्पर्श झालेला नाही. त्यामुळे साष्टी बेटावरील ग्रामीण चर्चच्या अभ्यासात या अवशेषांना वेगळे महत्त्व आहे.

स्थान व गाव : साष्टी हे मुंबईच्या उत्तरेस असलेले मोठे बेट. (गोव्यातील साष्टी तालुका हा याहून वेगळा, दोन्हींकडे जेझुइटांचे कार्य असल्याने जुने लेखन वाचताना घोटाळा होण्याचा संभव असतो.) बेटाच्या मध्यभागी डोंगराळ प्रदेश असून त्याच्या दक्षिण पायथ्याशी मरोळ, कोंडिवटे, चकाला, सहार इ. गावे वसली होती. पावसाळी भातशेती, ताडामाडाची लागवड आणि खाडीलगतची मासेमारी ही येथील लोकांची उपजीविकेची साधने होत. कोंडिवटे हे गाव प्राचीन आहे. तेथील टेकडीत कोरलेली एकोणीस बौद्ध लेणी इ. स. पू. पहिल्या शतकापासून इ. स. सहाव्या शतकापर्यंतच्या काळातील असून ती महाकाली लेणी या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतील चैत्यगृहात स्तूपासाठी कोरलेली वर्तुळाकार खोली व तिच्या भिंतीतील जाळीदार खिडक्या हे दुर्मिळ वैशिष्ट्य होय. अशा रीतीने एकाच गावाच्या शिवारात दोन भिन्न काळांतील व दोन भिन्न धर्मांची स्थाने आढळतात. दोन्ही स्थाने त्यांच्या उपासकांनी कधीकाळी सोडली. मात्र लेणी सोडणारा भिक्षुसंघ त्या परिसरातून लुप्त झाला, तर चर्च सोडणारा समाज दोन-तीन किमी. अंतरातच राहिला आणि आजही आहे. चर्चच्या इतिहासाचे मर्म या भेदात आहे.

साष्टीतील ख्रिस्ती धर्मप्रसार : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये झालेल्या तहान्वये वसई व तिच्या अधीन असलेली साष्टी इ. बेटे पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर लवकरच फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू या भागात आले. त्यांपैकी अंतोनिउ दु पोर्तु याचे नाव साष्टीतील आरंभीच्या धर्मप्रसाराशी विशेषत्वाने निगडित आहे. बोरिवली येथील मंडपेश्वराच्या शैव लेण्यात त्याने चर्च स्थापन केले. लेण्याच्या माथ्यावर पुढे मठ व विद्यालय उभे राहिले. जेझुइट संघ सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई व ठाणे येथे आला आणि दोन्ही संघांनी आपापली कार्यक्षेत्रे वाटून घेतली. स्थूलमानाने बेटाच्या दक्षिणेकडील वांद्रे, कुर्ले, मरोळ हा भाग जेझुइटांकडे आणि उत्तर व पश्चिमेकडील बोरिवली, मढ, एरंगळ इ. भाग फ्रान्सिस्कनांकडे होता. मान्युएल गोमिश या जेझुइटाने वांद्रे व आसपासच्या गावांत केलेल्या कार्यामुळे त्यास ‘साष्टीचा प्रेषित’ असे म्हटले जाऊ लागले. वांद्र्याचे सेंट अँड्र्यू चर्च, एरंगळचे सेंट बॉनाव्हेंचर चर्च व कोंडिवट्याचे चर्च ही सर्व सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणाच्या सुमारास, म्हणजे काही वर्षांच्या अंतराने उभी राहिली.

या धर्मप्रसाराच्या पद्धतीविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. स्थानिक देवळांचा विध्वंस, हिंदूंच्या सार्वजनिक विधींवरील बंधने, जमिनी व सवलती यांची प्रलोभने आणि काही ठिकाणी सामुदायिक धर्मांतरे या गोष्टी पोर्तुगीज साधनांवरूनच स्पष्ट होतात. मंडपेश्वराचे उदाहरण याची साक्ष देते. तथापि धर्मांतरित समाजाने भाषा, जातिभेद, शेतीचे व्यवसाय आणि विवाहविधींतील अनेक रूढी कायम ठेवल्या, हेही तितकेच खरे. कोळी, कुणबी, भंडारी इ. मूळच्या भेदांच्या खुणा त्यांच्यात दीर्घकाळ टिकून राहिल्या. विवाहप्रसंगी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा त्यांचा विधी या सातत्याचा द्योतक आहे. त्यांची बोली मराठीचीच असून तीत पोर्तुगीज शब्दांची भर पडलेली आहे. फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारांइश याने ख्रिस्ताच्या यातना व मरण या विषयावर रचलेले मराठी पुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे रोमन लिपीत छापले गेले. उत्तर कोकणातील या समाजात ते उपवासकाळात गाण्याची प्रथा दीर्घकाळ होती. कोंडिवट्याच्या चर्चमध्ये जमणारा समुदाय हा असा होता : मिस्सा लॅटिनमध्ये, घरची भाषा मराठी, आणि धर्मगुरू प्रथम युरोपीय व नंतर गोव्याकडील.

तीन राजवटी : चर्च वापरात असण्याचा काळ (१५७९–१८४०) २६१ वर्षांचा आहे. त्यांपैकी पहिली १५८ वर्षे पोर्तुगीजांची, पुढील ३७ मराठ्यांची आणि अखेरची ६६ इंग्रजांची होती. चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मार्च १७३७ मध्ये ठाणे व साष्टी आणि मे १७३९ मध्ये वसई जिंकली. पोर्तुगीज सैन्याबरोबर जेझुइटही निघून गेले. त्यांच्या ताब्यातील गावांचे उत्पन्न बंद झाले आणि ग्रामीण चर्चे गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखालील एतद्देशीय धर्मगुरूंकडे आली. वसईच्या शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मुभा देण्यात आली होती. १७६० च्या सुमारास साष्टीत आलेला फ्रेंच प्रवासी आंकतील द्युपेराँ यास येथील ख्रिस्ती लोक मराठी अमलातही उघडपणे आपले सण साजरे करीत असल्याचे दिसून आले. याउलट वसईच्या किल्ल्यातील चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. नासिकच्या नारोशंकर मंदिरातील व भीमाशंकर येथील घंटा त्यांपैकीच होत. किल्ल्यातील चर्चे सत्तेची प्रतीके होती म्हणून ती ओस पडली. गावातील चर्चे गावकऱ्यांची होती म्हणून ती चालू राहिली. कोंडिवट्याचे चर्च या दुसऱ्या वर्गातील होते. पोर्तुगीज सत्ता संपल्यावरही एक शतक ते नांदते राहिले, ही गोष्ट ‘पोर्तुगीज अवशेष’ या रूढ नावाने झाकली जाते.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला. आरंभीच्या काळात इंग्रजी सत्तेचा ग्रामीण धर्मग्रामांवर थेट परिणाम थोडाच झाला. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला. परंतु माहीम व वांद्रे यांना जोडणारा मार्ग १८४५ मध्ये व रेल्वे १८५३ मध्ये आली. म्हणजे १८४० मध्ये, गाव उठण्याच्या वेळी, मरोळ-कोंडिवट्याचा परिसर मुंबई शहराच्या कक्षेबाहेरचा, भातखाचरांचा व टेकड्यांचा मुलूख होता. १८२५ मध्ये साष्टीतून प्रवास केलेल्या बिशप हेबर याने येथील जुन्या चर्चच्या पडक्या वास्तूंची नोंद केली आहे. त्यावरून ग्रामीण चर्चचा ऱ्हास कोंडिवट्यापुरता नव्हता, तो बेटावर आधीच सुरू झाला होता, असे दिसते.

१८४० चे स्थलांतर : कोंडिवटे गावात साथ पसरल्यामुळे लोकांनी ते सोडले आणि ते मरोळ येथे जाऊन राहिले. स्थलांतराबरोबरच तेथे नवे चर्च बांधण्यात आले. नव्या चर्चला सेंट जॉन द इव्हँजलिस्ट (शुभवर्तमानकार संत योहान) याचे नाव देण्यात आले. ख्रिस्ती परंपरेत हे दोन योहान भिन्न आहेत : पहिला येशूस स्नानसंस्कार देणारा, दुसरा येशूचा शिष्य. जुन्या व नव्या चर्चच्या संतांची नावे सारखी असल्याने अनेकदा गल्लत होते. परंतु धर्मग्राम एकच होता आणि मरोळचे चर्च आपली परंपरा १५७९ पासून मानते.

स्थलांतर करताना लोकांनी जुन्या चर्चमधील वेदी, स्नानसंस्काराचे कुंड, खांब व मूर्ती मरोळला नेल्या. यात केवळ काटकसर पाहणे योग्य ठरणार नाही. कॅथलिक धर्मव्यवस्थेत धर्मग्राम म्हणजे विशिष्ट सीमेतील भाविकांचा समुदाय. त्याच्या चर्चची ओळख प्रामुख्याने दोन गोष्टींनी ठरते : ज्या वेदीवर मिस्सा अर्पण होते ती वेदी आणि ज्या कुंडाशी गावातील प्रत्येक मूल धर्मात प्रवेश करते ते कुंड. या दोन्ही वस्तू हलविल्या, म्हणजे चर्च हलविले. कोंडिवट्यास मागे राहिल्या त्या भिंती. पूर्वजांचा ज्या कुंडाशी स्नानसंस्कार झाला, त्याच कुंडाशी आपल्या मुलांचाही व्हावा, ही भावना या कृतीमागे उघड दिसते. गाव उठून दुसरीकडे वसताना ग्रामदेवतेचा तांदळा किंवा मूर्ती बरोबर नेण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. धरणाखाली बुडालेल्या गावांनी ती विसाव्या शतकातही पाळली. कोंडिवट्याच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी केले ते याच जातीचे आहे.

वास्तू व तिचा ऱ्हास : साष्टीतील ग्रामीण चर्चचा ढाचा सर्वसाधारणपणे ठराविक असे. पुढे मोकळे पटांगण व त्यात दगडी क्रूस, नंतर उंच दर्शनी भिंत, तिच्यामागे खांबांच्या रांगांनी न विभागलेला एक लांबट सभामंडप आणि शेवटी वेदीसाठी काहीसा अरुंद गर्भभाग. गर्भभागावर बहुधा दगडी कमानीचे छत असे, तर सभामंडपावर लाकडी वासे व नळीची कौले असत. बाजूस घंटेचा मनोरा, वस्त्रागार व धर्मगुरूंचे निवासस्थान यांची जोड असे. बांधकाम स्थानिक दगड व चुना यांत होई आणि भिंती जाड असत. कमानी, चौकटी, कंगोरे यांवर युरोपातील प्रबोधनकालीन शैलीचा प्रभाव असला, तरी तो साधेपणाने व्यक्त होई. वसई किंवा गोवा येथील भव्य चर्चमधील अलंकरणाची येथे अपेक्षा करणे व्यर्थ होय. कोंडिवट्याचे अवशेष याच प्रकारात मोडतात. सभामंडपाचे छप्पर पूर्णपणे नाहीसे झाले असून दर्शनी भाग व जाड भिंती उभ्या आहेत. पटांगणाभोवती दाट झाडी आहे.

अशा वास्तूचा ऱ्हास ठराविक क्रमाने होतो. कोकणातील कौलारू छपराची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते. फुटलेली कौले बदलावी लागतात, वाळवी लागलेले वासे काढावे लागतात. हे काम गावकरी श्रमाने किंवा वर्गणीने करीत. गाव उठले की प्रथम हे काम थांबते. काही पावसाळ्यांतच पाणी वाशांत मुरते व छप्पर कोसळते. त्यानंतर भिंतींच्या माथ्यावर पाऊस थेट पडू लागतो, चुना धुपून जातो आणि सांध्यांत वड, पिंपळ, उंबर यांचे बी रुजते. ही मुळे प्रथम दगड घट्ट धरून ठेवतात व नंतर तेच दगड विलग करतात. त्यामुळे वाढलेले झाड एकाएकी उपटणे भिंतीस अपायकारक ठरते. ते टप्प्याटप्प्याने छाटून मुळांचा जोर कमी करणे आणि भिंतीचा माथा चुन्याने बंद करणे हा उपाय आहे. या कामी सिमेंट वापरणे वर्ज्य मानतात. कारण ते मूळ चुन्यापेक्षा कठीण असल्याने ओलावा भिंतीतच कोंडतो व दगड ठिसूळ होतात. दगडी कमानीचे छत छपराच्या मानाने अधिक टिकते. वसईच्या किल्ल्यातील चर्चमध्ये कौले नष्ट होऊनही कमानी शिल्लक राहिल्या, त्याचे कारण हेच.

दफनभूमी : पोर्तुगीज प्रथेनुसार प्रतिष्ठितांचे दफन चर्चच्या जमिनीखालीच होत असे. वसईच्या फ्रान्सिस्कन चर्चमधील कोरीव थडग्यांच्या शिळा याचे उत्तम उदाहरण होय. ग्रामीण चर्चमध्ये सामान्य शेतकऱ्यांचे दफन चर्चभोवतालच्या आवारात होई. त्यांवर कायम टिकणाऱ्या शिळा क्वचितच असत. मातीचा उंचवटा व लाकडी क्रूस एवढेच चिन्ह असे आणि काही वर्षांनी तीच जागा पुन्हा उपयोगात येई. म्हणून अशा आवारात वर थडगी दिसत नसली, तरी ती भूमी रिकामी होती असे मानता येत नाही. कोंडिवट्याच्या आवाराकडे मरोळचा ख्रिस्ती समाज पूर्वजांची विश्रांतिभूमी म्हणून पाहतो, तो याच दृष्टीने. जमिनीच्या मोजणीच्या नकाशात जी जागा पडीक म्हणून दिसते, ती एखाद्या समुदायाच्या स्मृतीत पडीक नसते, याचे हे उदाहरण आहे.

इतर देशांतील साम्य : ग्रामीण धर्मग्राम हलणे व जुनी वास्तू मागे राहणे हा प्रकार ख्रिस्ती जगात अन्यत्रही आढळतो. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर लहान धर्मग्राम एकमेकांत विलीन करण्यात आले आणि त्यामुळे अनेक जुनी चर्चे बिनछपराची झाली. एअर या गावाजवळील ॲलोवे येथील जुने चर्च हे त्यांपैकी प्रसिद्ध होय. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील धर्मग्राम एअरच्या धर्मग्रामात विलीन झाला; परंतु चर्चभोवतीचे दफन थांबले नाही. कवी रॉबर्ट बर्न्झ याच्या वडिलांचे दफन १७८४ मध्ये तेथेच झाले. या पडक्या चर्चविषयी चेटकिणींच्या दंतकथा प्रचलित होत्या व बर्न्झने आपल्या ‘टॅम ओ’शँटर’ या कथाकाव्यात त्यांचा उपयोग केला.

कोंडिवट्याच्या चर्चविषयीही भुताखेतांच्या कथा सांगितल्या जातात आणि वृत्तपत्रांतून त्यांना प्रसिद्धी मिळत आली आहे. साथीने उठलेले गाव, दाट झाडी, बंद दरवाजा व रात्रीचा शुकशुकाट या गोष्टी अशा कथांना पोषक ठरतात. ओस वास्तूभोवती दंतकथा निर्माण होणे सार्वत्रिक आहे. परंतु दोन स्थानांतील भेद लक्षणीय आहे. ॲलोवे येथे उपासना थांबली तरी गावाचा दफनभूमीशी संबंध अखंड राहिला. कोंडिवट्यास जिवंत व मृत या दोहोंचा मुक्काम मरोळला गेला आणि जुन्या जागेशी असलेला संबंध केवळ स्मृतीवर व वर्षातून एकदा होणाऱ्या उपासनेवर टिकून राहिला. त्यामुळे ही जागा कुंपणात गेल्यावर संबंध तुटण्याचा धोका येथे अधिक होता.

औद्योगिक क्षेत्रातील अवस्था : स्वातंत्र्योत्तर काळात अंधेरीच्या पूर्वेकडील गावांचे स्वरूप झपाट्याने पालटले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने मरोळ येथे औद्योगिक वसाहत उभारली. इलेक्ट्रॉनिकी उत्पादनांच्या निर्यातीस उत्तेजन देण्यासाठी केंद्र सरकारने १ मे १९७३ रोजी सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन हे क्षेत्र स्थापन केले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सीप्झ हे नाव रूढ झाले. पुढे तेथे रत्ने व दागिने यांचे उद्योग मोठ्या प्रमाणावर आले. २००० पासून या क्षेत्रास विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. सीमाशुल्काच्या दृष्टीने असे क्षेत्र देशाच्या इतर भागापासून वेगळे मानले जाते. त्यामुळे त्यात जाण्यायेण्यावर कडक नियंत्रण असते. मालाच्या चोरट्या वाहतुकीस आळा घालण्यासाठी आवश्यक असलेले हे नियंत्रण चर्चलाही आपोआप लागू झाले. परिणामी सामान्य अभ्यासकास वा भाविकास तेथे मोकळेपणाने जाता येत नाही. मात्र याच कुंपणामुळे भोवतीच्या दाट वस्तीचे अतिक्रमण या जागेवर झाले नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

वर्षातून एकदा, साधारणतः मे महिन्यात, मरोळ व आसपासचे कॅथलिक भाविक परवानगीने या ठिकाणी जमतात व भग्न भिंतींच्या आत मिस्सा अर्पण केली जाते. संत योहान बाप्तिस्ता याच्या जन्माचा सण २४ जून रोजी, ऐन पावसाळ्यात येतो. छप्पर नसलेल्या वास्तूत त्या वेळी विधी करणे सोयीचे नाही. जमणाऱ्यांत ईस्ट इंडियन समाजाचे लोक बहुसंख्य असतात. उत्तर कोकणातील मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांनी १८८७ मध्ये संघटना स्थापून हे नाव अधिकृतपणे स्वीकारले. मुंबईत नोकरीसाठी आलेल्या गोमंतकीय व मंगळूरी ख्रिस्ती लोकांपासून आपली भूमिपुत्र ही ओळख वेगळी राखणे हा त्यामागील हेतू होता. या समाजाची गावठाणे विसाव्या शतकात शहराने चहूबाजूंनी वेढली. शेतजमिनी विमानतळ, औद्योगिक वसाहती व गृहनिर्माण यांसाठी गेल्या. जमीन गेलेल्या समाजास आपल्या दीर्घ वास्तव्याचा पुरावा म्हणून दाखविता येण्याजोग्या गोष्टी थोड्याच उरल्या : गावठाणातील घरे, रस्त्यांच्या कडेचे क्रूस, बोली, आणि कोंडिवट्यासारखी स्थाने. चर्चमध्ये जाण्यायेण्याची मुभा वाढवावी व वास्तूची दुरुस्ती व्हावी, अशी मागणी समाजाच्या संघटनांनी वेळोवेळी केली ती या पार्श्वभूमीवर.

तुलना व संरक्षणाचा प्रश्न : उपनगरांतील इतर जुन्या स्थानांशी तुलना केली असता कोंडिवट्याच्या चर्चचे वेगळेपण स्पष्ट होते. एरंगळचे सेंट बॉनाव्हेंचर चर्च समुद्रकिनारी असून जानेवारीतील यात्रेस तेथे सर्व धर्मांचे लोक मोठ्या संख्येने जमतात. तेथील उपासना चालू आहे. वसईच्या किल्ल्यातील जेझुइट चर्च हे १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हौतात्म्य पावलेल्या संत गोन्सालो गार्सिया याच्याशी संबंधित असल्याने तेथेही सण साजरा होतो. मंडपेश्वर येथील लेणी आणि कोंडिवट्याचीच महाकाली लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. एकाच गावच्या दोन वास्तूंपैकी लेण्यांकडे प्राचीन स्मारक म्हणून पाहिले गेले, तर चर्च औद्योगिक क्षेत्राच्या व्यवस्थापनाखालील भूखंडावर राहिले. लेण्यांना वाली राहिला नव्हता म्हणून शासनाने त्यांचे पालकत्व घेतले. चर्चला वारसदार आहेत, परंतु जागा त्यांच्या हाती नाही. या विसंगतीमुळे दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सतत उपस्थित होतो. समाजाच्या दृष्टीने ही उपासनेची जागा आहे, इतिहासाच्या दृष्टीने स्मारक आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने कुंपणातील एक भूखंड. तिन्ही दृष्टी आपापल्या जागी यथार्थ असल्या, तरी त्यांपैकी कोणतीही एकटी पुरेशी नाही.

साष्टीतील ग्रामीण चर्च समजून घ्यावयाचे, तर कोंडिवट्याचे अवशेष व मरोळच्या चर्चमधील जुन्या वस्तू यांचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे. एकीकडे भिंती आहेत, वेदी नाही. दुसरीकडे वेदी व कुंड यांची परंपरा आहे, मूळ भिंती नाहीत. दोन्ही ठिकाणांची मोजमापे, आरेखने व छायाचित्रे यांची पद्धतशीर नोंद झाल्यास सोळाव्या शतकातील एका धर्मग्रामाचे चित्र बऱ्याच अंशी पुन्हा उभे करता येईल. ही नोंद करण्यास फार खर्च लागत नाही. मात्र ती भिंती उभ्या आहेत तोवरच होऊ शकते. कोंडिवटे हे नाव आज मुख्यतः एका रस्त्याच्या नावात व लेण्यांच्या पर्यायी नावात उरले आहे, तर परिसराची व्यवहारातील ओळख सीप्झ या आद्याक्षरी शब्दाने होते. २०२४ पासून भुयारी मेट्रोच्या स्थानकासही तेच नाव आहे. गावाचे नाव पुसट होत असताना त्या गावाने बांधलेली, तीन राजवटी पाहिलेली आणि गाव उठल्यावरही ज्यांच्या वंशजांनी सोडून न दिलेली ही वास्तू म्हणजे कोंडिवटे गावाचा शेवटचा मोठा दस्तऐवज होय.